काही नवीन नाही

मापनकक्षात बाराही महिने वीस अंश तापमान असायचं. बाहेर भट्टीपाशी माणसं घामानं निथळत असली, तरी काचेच्या दुहेरी दाराआड वीस म्हणजे वीस. एकवीस झालं की भिंतीवरचा दिवा लाल व्हायचा आणि काम थांबायचं. पोलाद उष्णतेनं फुगतं आणि फुगलेल्या पोलादाचं माप खोटं येतं. त्या खोलीत, खिडकीकडच्या टेबलाशी, ती अठरा वर्षं बसत होती.

कारखाना पंपांचे सुटे भाग करायचा. तिच्यापुढे यायच्या त्या बोटभर लांबीच्या नळ्या. नळीचा आतला व्यास मोजायचा. ठरल्या मापापेक्षा चार मायक्रॉन इकडेतिकडे चालतं, पाचवा चालत नाही. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून काय ते समजावं. कारखान्यात तिला सगळे 'मायक्रॉन' म्हणत. एका मायक्रॉनचा फरक हिच्या बोटांना कळतो, अशी तिची ख्याती होती. ती अर्थातच वाढवून सांगितलेली होती. एकाचा कळत नसे. दोनचा कळे.

मोजायला यंत्र असताना बोटांचं काय काम, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. पण यंत्र नळीत घालून फिरवताना ते आतल्या भिंतीला नेमकं कधी टेकलं, हे बोटांनाच समजतं. जरा जास्त दाबलं, जरा तिरकं गेलं, की आकडा बदलला. रोज सकाळी यंत्राची पडताळणी करायची ती पोलादाच्या छोट्या ठोकळ्यांवर. त्यांना म्हणत स्लिपा. आरशासारख्या गुळगुळीत. एक स्लिप दुसरीवर दाबून सरकवली की दोन्ही एकमेकींना चिकटतात, डिंक नाही की चुंबक नाही. मधे धुळीचा कण राहिला असेल तर सरकवताना किंचित खरखर लागते. ती डोळ्यांना दिसत नाही. बोटांना लागते, नाहीतर लागतच नाही.

शेजारच्या टेबलाशी मामा बसत. ते कोणाचे सख्खे मामा नव्हते, साऱ्या कारखान्याचे मामा होते. वयानं सगळ्यांत मोठे. "हिच्या हातांचा विमा उतरवा," ते नव्या माणसाला सांगत. "पाय गेले तरी चालतील, बसूनच काम आहे."

आजार पायांपासूनच सुरू झाला. तेव्हा स्वतःची ती चेष्टा आठवून मामा चार दिवस तिच्याकडे बघत नव्हते.

तिला पस्तिसावं लागलं होतं. उजव्या पायाला मुंग्या आल्या आणि त्या गेल्याच नाहीत. जिन्यात चप्पल पायातून निसटली, ते दोन मजले वर आल्यावर कळलं. महिन्यानं डाव्या डोळ्यासमोर धुकं धरलं. मग तपासण्या, स्कॅन, पाठीच्या मणक्यातलं पाणी. शेवटी मेंदूच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं, मल्टिपल स्क्लेरोसिस, आणि कागदावर वायर काढून दाखवली. नसांवरचं आवरण आपलंच शरीर कुरतडतं. वायरवरचं प्लास्टिक गेलं की काय होतं, हे तिला समजावून सांगावं लागलं नाही.

"किती होईल हे?" तिनं विचारलं.

"ते सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले.

हेच तिला झेपेना. जिचं माप सांगता येत नाही अशी गोष्ट तोवर तिच्या वाट्याला आलीच नव्हती.

आठवड्यातून तीनदा स्वतःच टोचून घ्यायचं इंजेक्शन सुरू झालं. डॉक्टरांनी एक नियम घालून दिला. काही नवीन जाणवलं आणि चोवीस तासांच्या वर टिकलं, तर फोन करायचा. वाट बघायची नाही. दुसरी गोष्ट तिची तिलाच कळली. उष्णता या आजाराला सोसत नाही. गरम पाण्यानं अंघोळ केली तरी पाय लटपटत, उन्हात दहा मिनिटं उभं राहिलं की डोळ्यासमोरचं धुकं परत येई. सगळ्या शहरात तिचं शरीर शहाण्यासारखं वागेल अशी एकच जागा होती, ती म्हणजे मापनकक्ष. पोलादासाठी राखलेले वीस अंश तिला फुकटात मिळत होते. तिथून हलवलं तर दुसरी जागा म्हणजे पॅकिंगचं दालन, भट्टीला पाठ लावून असलेलं, पत्र्याच्या छपराचं. तिथे आपण महिनाभरही तग धरणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ते टेबल आहे तोवर नोकरी, आणि ते टेबल हातांच्या जोरावर.

म्हणून ती घाबरली, आणि अशी घाबरली की घरादाराच्या नाकी नऊ आले. गालाला खाज सुटली तरी फोन. पापणी फडफडली तरी फोन. पहिल्या वर्षात तिनं दवाखान्यात एकोणीस फोन केले, त्यातल्या सतरा वेळा काहीच नव्हतं. तिथल्या सिस्टर पुढे पुढे नावही विचारत नसत. "हं, बोला, आज कुठे?" एवढंच. एकदा डॉक्टरच फोनवर आले आणि थकल्या आवाजात म्हणाले, "बाई, प्रत्येक मुंगी म्हणजे झटका नसतो." ते रागावले नव्हते. पण तिला तोंडात मारल्यासारखं झालं.

नवरा लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. दार उघडताच त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "आज काय?" सुरुवातीला त्यात काळजी होती, मग नुसती सवय उरली. एका दुपारी मुलगी मैत्रिणीशी फोनवर बोलताना तिनं ऐकलं. मुलगी तेव्हा अकरा वर्षांची. "आज नको येऊस गं, आईला मुंग्या आहेत," ती अगदी सहज सांगत होती, घरात रंगकाम चाललंय असं सांगावं तसं.

त्याच आठवड्यात तिनं नणंदेचं ऐकायचं ठरवलं.

नणंद नवऱ्याहून मोठी. दातांच्या दवाखान्यात नावं लिहून घ्यायला बसायची. स्वतःला लागू पडलेली गोष्ट चार घरी पोचवल्याशिवाय तिला अन्न गोड लागत नसे. पाठीचं दुखणं ध्यानानं हलकं झाल्यापासून तिनं भावाच्या घराचा पिच्छाच पुरवला होता.

"अगं, बसून तर बघ. तुझं काय जातंय? बसायचंच तर आहे."

"ताई, दिवसभर बसूनच असते मी."

"ते वेगळं. तिथे तू नळ्या बघतेस. इथे स्वतःला बघायचं."

वर्ग सायकलच्या दुकानावर भरायचा. खालून टायरच्या रबराचा वास यायचा. शिकवायला भूगोलाचे एक निवृत्त मास्तर. ती मनातून तयार होऊन गेली होती, की हा माणूस आजार मुळापासून जाईल म्हणेल आणि आपण उठून चालू लागू. पण मास्तरांनी तशी संधीच दिली नाही.

"ध्यानानं तुमचा आजार जायचा नाही," ते पहिल्याच दिवशी म्हणाले. "आजाराशी चाललेलं भांडण थोडं कमी होईल. औषध सोडायचं नाही. सोडलं तर मी वर्गात घेणार नाही."

असं सरळ बोलणारा माणूस तिला तीन वर्षांत भेटला नव्हता. ती बसली.

पद्धत साधी होती. डोळे मिटायचे, पायाच्या अंगठ्यापासून सुरुवात करून डोक्यापर्यंत एकेका भागाकडे लक्ष न्यायचं. तिथे जे असेल ते बघायचं. मुंग्या असतील तर मुंग्या, जळजळ असेल तर जळजळ. चांगलं वाईट म्हणायचं नाही, त्याचं पुढे काय होईल याची गोष्ट रचायची नाही. "दिसलं. पुढे." मास्तर हे दोन शब्द रेल्वेच्या घोषणेसारखे कोरडेपणानं म्हणत.

ती मुळात शिस्तीची बाई. रोज संध्याकाळी पंचवीस मिनिटं, एक दिवस चुकला नाही. पहिले दोन महिने काही झालं नाही. तिसऱ्या महिन्यात एकदा पोटरीत गोळा आला, नेहमीप्रमाणे दात आवळायच्या ऐवजी तिनं त्याच्याकडे बघितलं, आणि गोळा आपला आला तसा ओसरला. दुखायचं तेवढं दुखला. पण त्याच्याभोवतीचा आरडाओरडा नव्हता. झोप लागू लागली. दुपारचा तो शिशासारखा थकवा राहिलाच, पण त्याच्यावर चिडण्यात जी उरलीसुरली ताकद जायची ती वाचली. हे सगळं खरं होतं. यातलं काही तिनं स्वतःला पटवून घेतलेलं नव्हतं.

दवाखान्यातले फोन थांबले. घरात हसणं आलं. नवऱ्याचं "आज काय?" कधी बंद झालं, कोणाला कळलंही नाही. मुलीच्या मैत्रिणी येऊ लागल्या. नणंदेचा तर पाय जमिनीवर ठरेना.

"बघ, मी म्हणत नव्हते? दातांच्या डॉक्टरांनासुद्धा सांगितलं मी तुझं."

"माझे दात चांगले आहेत ताई."

"अगं, दाखला म्हणून सांगितलं."

दोन वर्षं अशी गेली. ती चाळिशीची झाली.

मग एका सोमवारी सकाळी स्लिपा चिकटवताना तिच्या लक्षात आलं, की उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट, दोन्हींच्या शेंड्यांवर कुणीतरी पातळ टेप लावल्यासारखं वाटतंय. तिनं बोटं पुसली. टेप तशीच. संध्याकाळी ध्यानाला बसल्यावर ती त्या शेंड्यांपाशी आली. बधिरपणा होता. दिसलं. पुढे.

मंगळवारी चोवीस तास झाले. फोन करायचा नियम तिच्या लक्षात होता. ती नियम विसरली असं पुढे कोणी म्हणालं, तेव्हा तिला त्याचा राग आला, कारण ती विसरली नव्हती. फक्त त्या नियमामागची भीती आता तिच्याजवळ नव्हती, आणि आजवर फोन उचलला होता तो भीतीनंच. शिवाय कानात तो आवाज होता, "हं, बोला, आज कुठे?" पुन्हा ती बाई व्हायचं का, असं तिनं स्वतःला विचारलं. एकोणिसातले सतरा फोन फुकट गेले होते. हेही जाईल, बघत राहू.

तिनं तीन आठवडे बघितलं. अतिशय चांगलं बघितलं. टेपेची कड कुठे संपते, सकाळी किती, संध्याकाळी किती, सगळं तिला पाठ होतं. नळीत एवढा फरक दिसला असता तर तिनं पहिल्याच मिनिटाला लाल चिठ्ठी लावून नळी बाजूला काढली असती. बोटांना चिठ्ठी लावली नाही.

चौथ्या आठवड्यात डॉक्टरांची सहामाही भेट होती. नवरा बरोबर होता. डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारली, नाकाला बोट लावायला सांगितलं, रेघेवर चालवलं. सगळं जमलं.

"काही नवीन?"

तिनं मनातल्या मनात पायापासून वर नजर फिरवली, रोजच्यासारखी. बोटांपाशी आली. बधिरपणा होताच. पण तो आता तीन आठवड्यांचा जुना होता, ओळखीचा होता.

"काही नवीन नाही," ती म्हणाली.

"वा," डॉक्टर म्हणाले. "चेहऱ्यावरच दिसतंय. काय करता हल्ली?"

"ध्यान करते ती," नवऱ्यानं मधेच सांगितलं. त्याला त्याचा अभिमान होता. "फार फरक पडलाय डॉक्टर. घरात आम्हालासुद्धा."

"उत्तम. मग स्कॅन या वेळी राहू दे, पुढच्या खेपेला करू. इंजेक्शन तेच चालू ठेवा."

बाहेर आल्यावर नवऱ्यानं तिला आइस्क्रीम खायला घातलं. वर्गात पहिली आलेल्या मुलीसारखी ती ते खात होती. कप तिनं डाव्या हातात धरला होता, हेही तिनं बघितलं.

पुढचे चार महिने तिनं डोळ्यांनी आणि कानांनी काम रेटलं. यंत्राच्या मुठीला टिकटिक असते, ती मोजायची. आकडा दोनदा वाचायचा. स्लिपांचं मात्र सोंग आणता येईना.

"मामा, जरा एवढ्या चिकटवून द्या. चष्मा घरी राहिलाय."

"चष्मा?" मामांनी स्लिपा हातात घेतल्या. "तुला कधीपासून चष्मा?"

"चाळिशी लागली ना."

"चाळिशी मलाही लागली होती. स्लिपा चिकटवायला चष्मा लागतो हे मला कुणी सांगितलं नाही." एवढं म्हणून त्यांनी त्या चिकटवून दिल्या. दुसऱ्या दिवसापासून ते न सांगताच देऊ लागले. ती घेत राहिली.

वार्षिक पडताळणी आली. ही मापनकक्षाची जुनी रीत. दहा नळ्या, तीन माणसं. प्रत्येकानं प्रत्येक नळी तीनदा मोजायची, नळ्यांचे नंबर झाकलेले, दर खेपेला क्रम बदललेला. यंत्र खोटं बोलतंय की माणूस, हे त्यातून कळतं. अठरा वर्षांत तिचे आकडे सगळ्यांत घट्ट यायचे. इतके, की नव्या इनचार्ज मॅडम, वयानं तिशीतल्या, तिची जुनी पानं नमुना म्हणून भिंतीवर लावणार होत्या.

मामांच्या तीन मापांत फरक आला एका मायक्रॉनचा. तिसऱ्या माणसाच्या दोनचा. तिच्या सातचा.

मॅडमना वाटलं नळ्यांची अदलाबदल झाली. "ताई, पुन्हा करूया का? दुपारी, शांतपणे."

दुपारी, शांतपणे, आठचा आला.

संगणकावर तीन रेघा होत्या. दोन सरळ, एक करवतीच्या दातांसारखी. ती त्या रेघेकडे बघत राहिली. इथे तिला "दिसलं, पुढे" म्हणता आलं नाही. पाच महिने अगदी शांतपणे बघितलेली गोष्ट आता आकड्यांत समोर होती.

स्कॅनमध्ये तीन नवे डाग निघाले. दोन मेंदूत, एक मानेच्या मज्जारज्जूत. "हा तुमच्या हाताचा," पडद्यावर पेन टेकवत डॉक्टर म्हणाले. "कधीपासून आहे हे?"

"पाच महिने."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. फाईल मागे उलटली. त्यांना शोधायचं होतं ते पान त्यांना सापडलं, आणि त्यांनी ते तिच्याकडे फिरवलं नाही.

"तेव्हा होतं हे? माझ्यासमोर बसला होतात तेव्हा?"

"हो."

"मी विचारलं होतं."

"हो."

"जुनं औषध पुरं पडेनासं झालंय," ते म्हणाले. "तेव्हाच कळतं तर तेव्हाच बदललं असतं. आता बदलतो."

"तेव्हा बदललं असतं तर हात राहिला असता?"

"सांगता येत नाही."

"अंदाजे?"

"हातातला बधिरपणा तेव्हाच सुरू झाला होता. तो किती भरून आला असता, माहीत नाही. दुसरे दोन डाग कदाचित टळले असते. कदाचित." त्यांनी फाईल मिटली. "स्कॅन मीच पुढे ढकललं. तेही या फाईलमध्ये आहे."

त्यांनी स्वतःचा वाटा असा उचलला, याचं तिला बरं वाटायला हवं होतं. तिला वाटलं, याच्यापेक्षा हे ओरडले असते तर बरं होतं.

घरी नवऱ्यानं हातातली किल्ली टेबलावर आपटली. "मला का नाही सांगितलंस?"

"विचारलंस कधी?"

"रोज विचारायचो तेव्हा तुला त्रास व्हायचा."

"मग बंद केलंस."

"तू छान होतीस म्हणून बंद केलं."

"छान होते ना मी," ती म्हणाली. "सगळ्यांना किती आवडले छान होते तेव्हा."

तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. मुलगी आतल्या खोलीत होती, दार लोटून घेतलेलं. ती आता तेरा वर्षांची होती आणि तिला सगळं कळत होतं.

रविवारी नणंद आली. नेहमीसारखी बोलत आली नाही. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली.

"माझं चुकलं का गं?"

लगेच 'नाही' म्हणायला हवं होतं. ते खरंही होतं. नणंदेनं काही वाईट केलं नव्हतं, उलट दोन वर्षांची झोप तिच्यामुळेच लागली होती. पण ती डाव्या हातानं चहा गाळत राहिली, अर्धा बाहेर सांडला, आणि नणंदेनं फडकं घेऊन तो पुसला. मग दोघींनी चहा घेतला. 'नाही' म्हणायचं राहूनच गेलं. नंतर बऱ्याचदा तिला ते म्हणता आलं असतं.

ती मास्तरांकडे गेली. वर्ग सुटला होता, ते सतरंज्या गुंडाळत होते. तिनं सगळं सांगितलं. ते सतरंजीवरच बसले.

"मी बघा म्हटलं होतं. लपवा नाही म्हटलं."

"लपवलं नाही मास्तर. लपवावं असं त्यात काही वाटलंच नाही. इतकं नीट बघत होते."

त्यांनी मान वर केली. भूगोल शिकवताना चुकीचा नकाशा लावला गेला तर माणसाचा चेहरा असाच होत असेल.

"पहिल्या दिवशी तुम्ही औषधाचं सांगता ना," ती म्हणाली, "तेव्हा हेही सांगा. नवं काही आलं तर आधी डॉक्टरांना फोन, मग डोळे मिटा. आजारी माणसांना वेगळं सांगा."

मास्तरांनी सतरंजीची सुटलेली दोरी बोटाभोवती गुंडाळली. "पहिल्याच दिवशी सांगितलं तर नवी माणसं घाबरतील हो. घाबरलेलीच तर येतात."

"घाबरू द्या की थोडी."

"बघतो," ते म्हणाले. त्यांच्या या शब्दावर ती हसली, आणि त्यांना वाईट वाटलं. ती निघाली. ते दारापर्यंत आले, पण त्यांनी हो काही म्हटलं नाही.

मग राहिला कारखान्याचा कागद. मोजणारं माणूस बदललं की मापनकक्षात एक नोंद भरावी लागते. नाव, टेबल, कारण. आणि एक रकाना, 'फरक प्रथम केव्हा जाणवला.' मॅडमनी बाकीचं भरून ठेवलं होतं. त्या रकान्यात पेन्सिलीनं पुसट तारीख घातली होती, पडताळणीच्या दिवसाची.

"तेव्हाच तर कळलं आपल्याला, ताई," मॅडम म्हणाल्या. आवाज मऊ होता. "हीच टाकूया. तुमची अठरा वर्षं आहेत इथे. नीट निरोप होईल. वरच्यांना मी सांगून ठेवलंय, आजारपणामुळे जागा बदलली म्हणून. मान राहील."

मामा पाठमोरे होते. त्यांच्या टेबलावरचं यंत्र थांबलं होतं.

ती तारीख राहू दिली असती तर कुणाचं काही बिघडत नव्हतं. तिची तारीख टाकली, तर मात्र त्या दिवसापासून तिच्या टेबलावरून गेलेली प्रत्येक पेटी उघडावी लागणार होती. पाच महिन्यांच्या पेट्या. काही गोदामात, काही गिऱ्हाइकांकडे पोचलेल्या. एकेक नळी पुन्हा मोजायची. आणि मामांनी स्लिपा चिकटवून दिल्याचंही निघणार होतं.

"मामा," ती म्हणाली.

"मला काय विचारतेस," ते न वळता म्हणाले. "तुला कळतं ते लिही."

"तुमचं नाव येईल."

"येऊ दे. दोन वर्षांनी घरी जायचंय मला. घरी नेऊन काय करायचंय नावाचं."

तिनं पेन डाव्या हातात घेतलं. मुलांनी काढावेत तसे वेडेवाकडे आकडे आले, पण तारीख वाचता येत होती. टेप पहिल्यांदा जाणवली तो सोमवार. मॅडमनी कागद उचलून वाचला. त्यांच्या तोंडावरचा मऊपणा हळूहळू गेला. त्यांच्यापुढे आता सहा आठवड्यांचं काम होतं, आणि ते गिऱ्हाइकांना कळवायचं पत्र.

"हे तेव्हाच सांगायचं होतंत," त्या म्हणाल्या.

"हो," ती म्हणाली.

पेट्या परत येऊ लागल्या. दोन पाळ्या वाढल्या, सुट्ट्या रद्द झाल्या. हिच्यामुळे, हे कुणी तोंडावर म्हणालं नाही. जिन्यात माणसं भेटली की मोबाईलमध्ये बघत. मायक्रॉन हे नाव कुणी घेईनासं झालं. पाच महिन्यांच्या नळ्यांत शेवटी एकशेबारा चुकीच्या निघाल्या. त्यातली एकही कुठल्या पंपात बसलेली नव्हती, हे नशीब. तिच्या टेबलावर शेजारच्या विभागातली एक मुलगी आली, हाताची बरी होती. तिला शिकवायला मॅडमनी हिला बोलावलं नाही.

नवं औषध सुरू झालं. हाताचा बधिरपणा मनगटाशी थांबला, मागे फिरला नाही. ध्यान तिनं सोडलं नाही, कारण सोडून बघितलं तर पोटरीतले गोळे दुप्पट जोरानं आले. आता ती बसायच्या आधी वहीत लिहिते. काय, कुठे, कधीपासून. डाव्या हातानं लिहायला जितका वेळ लागतो तितका वेळ घेते. सिस्टर फोन उचलतात आणि म्हणतात, "हं, बोला, आज कुठे?" ती सांगते. सिस्टर लिहून घेतात, कधीकधी उसासा टाकतात. तो तिला ऐकू येतो.

पॅकिंगच्या दालनात तिला दारालगतची जागा मिळाली, वारा येतो म्हणून. वारा भट्टीकडूनच येतो. दुपारी तीननंतर डोळ्यासमोर धुकं धरतं, तेव्हा ती चिकटपट्ट्या अंदाजानं लावते. परत आलेल्या प्रत्येक पेटीवर लाल पट्टी लावायची असते, 'पुन्हा तपासा' अशी, आणि पट्टीवर मूळ तपासणाऱ्याची सही छापलेली असते. दिवसाला दीडशे पेट्या होतात. दीडशे वेळा स्वतःची सही, उजव्या हाताची, सुबक, जिथल्या तिथे वळणं घेतलेली. ती पट्टी सरळ बसली का ते बघते आणि पुढची पेटी ओढते.